एवढ्याशाने काय होते?

आपल्या घरी जेवायला बसलेल्या माणसाला आग्रह केला नाही तर यजमानाला चुकल्यासारखे वाटते. "घ्या हो एवढेसे, एवढ्याशाने काय होते?" हे वाक्य आपण सर्वांनी ऐकले आहे आणि दुसऱ्यांना ऐकवलेही आहे. त्यात प्रेम असते, यात शंका नाही. तरीही गेली काही वर्षे आमच्या घरात आम्ही सर्वांत जास्त घाबरतो ते याच वाक्याला. प्रेमाने दिलेली वस्तू घेणाऱ्याचे नुकसान करत असेल, तर त्या देण्याला प्रेम म्हणायचे का? आणि ती अडवणाऱ्याच्या मनात तरी नेहमी प्रेमच असते का? हे दोन्ही प्रश्न आम्हांला पुस्तकात भेटले नाहीत, स्वयंपाकघरात भेटले.

आमची धाकटी मुलगी २०२२ साली पाच वर्षांची होती. त्याआधीची दोन वर्षे तिचे पोट फुगलेले आणि हातपाय काडीसारखे होते. जुलाब थांबत नसत, वजनाचा काटा हलत नसे. जंतांचे औषध झाले, लोहाचे औषध झाले, शेजारणीने दृष्टही काढून पाहिली. अखेर ऑगस्ट महिन्यात एका डॉक्टरांनी रक्ताची एक वेगळी तपासणी करायला सांगितली, पुढे दुर्बिणीतून आतड्याचा बारीकसा तुकडा काढून तपासला आणि आजाराचे नाव कळले : सिलिअ‍ॅक.

पुष्कळ जण याला गव्हाची अ‍ॅलर्जी म्हणतात, पण ती अ‍ॅलर्जी नव्हे. गहू, जव म्हणजे बार्ली आणि राय या धान्यांत ग्लुटेन नावाचे प्रथिन असते. कणीक मळली की तिला जो चिवटपणा येतो तो त्याच्यामुळे. हा आजार असलेल्या माणसाच्या पोटात ग्लुटेन गेले की शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच लहान आतड्यावर हल्ला करते. आतड्याच्या आतल्या बाजूला मखमलीसारखी बारीक लव असते, तीच अन्नरस शोषून घेते. ती लव झडून सपाट होते. मग मूल जेवते, पण ते जेवण त्याच्या अंगी लागत नाही. उत्तर भारतात, जिथे लोक गव्हावरच जगतात, तिथे शंभरात साधारण एकाला हा आजार असल्याचे तपासण्यांत आढळले आहे. आपल्या भातखाऊ पट्ट्यात तो कमी असेल, पण नाहीच असे नाही. लोहाच्या गोळ्या घेऊनही ज्या मुलाचे रक्त वाढत नाही, त्याच्या पालकांनी डॉक्टरांना ही एक गोष्ट विचारून पाहावी. एकाला असला तर भावंडांची आणि आईवडिलांचीही तपासणी करतात. आमच्या थोरल्या मुलाची केली. त्याला नाही.

यावर गोळी नाही, इंजेक्शन नाही. गहू आयुष्यभर वर्ज्य करणे हाच एक उपाय. तो उपाय सापडला कसा, ते वाचले तेव्हा आम्ही बराच वेळ गप्प बसलो होतो. हॉलंडमध्ये विलेम डिके नावाचे बालरोगतज्ज्ञ होते. १९३० च्या दशकापासूनच त्यांना गव्हाचा संशय होता. दुसऱ्या महायुद्धात १९४४-४५ च्या हिवाळ्यात तिथे भयंकर उपासमार झाली, लोकांनी ट्यूलिपच्या फुलांचे कंद शिजवून खाल्ले. हजारो माणसे भुकेने मेली. त्याच काळात या आजाराची मुले मात्र सुधारली, कारण पाव मिळत नव्हता. पाव पुन्हा आला आणि त्यांचे दुखणेही परत आले. डिके यांनी १९५० साली आपल्या प्रबंधात गव्हाचा हा दोष मांडला. सर्व लोक ज्या भाकरीसाठी देवाकडे हात पसरत होते, तीच भाकर त्या थोड्या मुलांना आजारी पाडत होती. 'आमची रोजची भाकर आज आम्हांला दे' असे आपण दररोज म्हणतो. आमच्या घरात त्या प्रार्थनेला तेव्हापासून एक न उच्चारलेला शब्द चिकटला आहे.

आता स्वयंपाकघरात या. तुम्ही म्हणाल, गहू बंद करायचा, त्यात काय मोठे? तांदूळ आहे, नाचणी आहे, ज्वारी, बाजरी, मका आहे. तांदळाची भाकरी आणि मासळीची आमटी हे तर आपल्या वाडवडिलांचे जेवण. आमच्या आजीच्या, म्हणजे मुलांच्या आजीच्या, लहानपणी गव्हाची पोळी सणाला किंवा पाहुणा आला तरच होत असे. आम्हांलाही प्रथम असेच वाटले होते.

पण गहू एखाद्या लबाड भाडेकरूसारखा असतो. पुढच्या दाराने बाहेर काढला तरी मागच्या दाराने घरातच असतो. गिरणीत आपल्याआधी कोणी गहू दळला असेल तर आपल्या तांदळाच्या पिठात तो उतरतो. म्हणून आम्ही घरघंटी घेतली आणि तिच्यात गव्हाचा एक दाणाही कधी घातला नाही. डबीतल्या हिंगात बहुधा गव्हाचे पीठ मिसळलेले असते, हे आम्हांला चाळीस वर्षे हिंग खाऊन माहीत नव्हते. थालीपिठाच्या भाजणीत गहू, बाजारच्या सोया सॉसमध्ये गहू, मुलांना शक्ती यावी म्हणून दुधात घालायच्या माल्टच्या पावडरीत बार्ली. पोळपाट-लाटणे वेगळे, चाळणी वेगळी, लाकडी डाव वेगळा. ज्या तेलात मैद्याची करंजी तळली, त्यात तिचा पापडसुद्धा तळायचा नाही.

इतके कशाला, असे वाटणे साहजिक आहे. त्याचे उत्तर आकड्यांतच आहे. रोज केवळ ५० मिलिग्रॅम ग्लुटेन काही महिने पोटात गेले तर आतड्याला इजा होऊ शकते, असे संशोधनात दिसले आहे. पावाच्या एका चकतीत याच्या कितीतरी पट ग्लुटेन असते. म्हणूनच पाकिटावर 'ग्लुटेन-मुक्त' लिहायचे तर किलोमागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन चालत नाही, असा नियम आहे. 'एवढ्याशाने काय होते' याचे उत्तर असे मिलिग्रॅममध्ये मिळते. आणि ते इंद्रियांना जाणवत नाही, हीच खरी अडचण. विष कडू असते तर आग्रह करणाऱ्याचा हात आपोआप थांबला असता.

मग पहिला मोठा प्रश्न उभा राहिला. गहू फक्त तिचा बंद करायचा की सगळ्या घराचा?

आमच्या गल्लीत सकाळी पाववाला सायकलवर येतो. थोरल्याला चहात बुडवून पाव खाण्याची सवय. आम्ही जोरात निर्णय घेतला की आजपासून घरात पाव येणार नाही, सगळे एकच जेवण जेवतील. एका ताटात भेद नको, हे आम्हांला फार ख्रिस्ती वाटले होते. आठवडाभराने थोरला म्हणाला, "आजार तिला आहे, शिक्षा मला का?" तेव्हा तो नऊ वर्षांचा होता. आम्ही त्याला रागावलो. बहिणीसाठी एवढेही करता येत नाही का, असे बोललो. रात्री मात्र आम्हां दोघांनाही झोप आली नाही, कारण त्याचा प्रश्न चुकीचा नव्हता.

संत पौलाने करिंथकरांना लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या आठव्या अध्यायात असाच एक जेवणाचा वाद आहे. मूर्तीला दाखवलेले मांस खावे की नाही, हा तो वाद. जाणकार म्हणत होते की मूर्ती म्हणजे काहीच नाही, तेव्हा खायला हरकत कसली? पौल त्यांचे म्हणणे खोडत नाही. पण तुमच्या खाण्याने दुबळा बंधू अडखळत असेल तर ते खाणे सोडा, असा त्याचा रोख आहे, आणि स्वतः तो मांस कायमचे सोडायला तयार होतो. हा अध्याय आम्ही थोरल्यापुढे ठेवणार होतो. मग नीट वाचताना लक्षात आले की पौल दुसऱ्यांच्या तोंडचा घास काढून घेत नाही, तो स्वतःचा हक्क स्वतः सोडतो. शिवाय करिंथमध्ये प्रश्न विवेकबुद्धीचा होता, आमच्याकडे आतड्याचा. आमच्या थोरल्याने काहीच सोडले नव्हते, आम्ही त्याच्याकडून ते काढून घेतले होते. हिसकावून घेतलेल्या गोष्टीला त्याग म्हणता येईल का? आम्हांला तरी तसे वाटत नाही.

शेवटी आम्ही असे ठरवले : चुलीवर जे शिजते ते सर्वांसाठी एक आणि गव्हाशिवाय. पाव थोरल्याने बाहेरच्या पडवीत, स्वतःच्या ठरलेल्या बशीत खायचा, हात धुऊन आत यायचे. ही काही आदर्श तोड नाही. पहिल्या दिवशी धाकटी दारात उभी राहून त्याच्याकडे बघत होती. त्याने पाव अर्धाच खाल्ला. दुसऱ्या दिवशी पूर्ण खाल्ला, आणि आम्हांला तेही योग्यच वाटले. सर्वांना सारखे वाढणे म्हणजे न्याय, हे आम्ही लहानपणापासून ऐकत आलो. पण एकाला औषध आणि दुसऱ्याला भूक असेल तर सारखे वाढून दोघांवरही अन्याय होतो, हे त्या पडवीत कळले.

आता जे सांगायचे आहे ते सांगायला आम्हांला जड जाते. तरीही ते लिहिल्याशिवाय हा लेख खरा होणार नाही.

२०२२ च्या नाताळात घरी नेहमीप्रमाणे माणसे आली. आजीने बहिणीच्या घरी जाऊन मैद्याचे कुलकुल करून आणले होते, पाहुण्यांसाठी. धाकटीसाठी आम्ही तांदळाच्या पिठाचे केले होते. ते कडक झाले होते, दगडासारखे, खोटे कशाला बोला. संध्याकाळी आजीने तिला जवळ घेऊन पदराआडून एक खरा कुलकुल दिला. एकच. रात्री तिचे पोट दुखायला लागले आणि तीन दिवस जुलाब झाले. आम्ही विचारले, "कोणी काही दिले का?" ती म्हणाली, "नाही." पुन्हा विचारले, तरी नाही. थोरल्याने पाहिले होते, त्याने सांगितले.

पाच वर्षांच्या मुलीने आजीला वाचवण्यासाठी खोटे बोलायचे ठरवले. धर्मशिक्षणाच्या वर्गात खोटे बोलू नये असे शिकवतात आणि ते बरोबरच आहे. पण त्या खोट्यामागे काय होते ते पाहिल्यावर तिला काय म्हणावे, ते आम्हांला सुचले नाही. आम्ही तिला काहीच बोललो नाही. आजीला मात्र बोललो, आणि फार बोललो. आजी एवढेच म्हणाली, "पोर बघत होती. नातवंडाच्या तोंडापुढे ताट फिरवायचे आणि द्यायचे नाही, हे मला जमत नाही."

त्या दिवसापासून आम्ही आजीच्या हातून स्वयंपाकघर काढून घेतले. चाळीस वर्षे जिने त्या चुलीवर माणसे जेवू घातली, तिला आम्ही भाजी निवडायला बाहेर बसवले. कोणी विचारले तर सांगायचो, "मुलीच्या आजारामुळे."

फेब्रुवारी २०२३ मध्ये रक्त पुन्हा तपासले. आकडा उतरला होता, पण उतरायला हवा होता तितका नाही. डॉक्टर म्हणाले, एखाद्या कुलकुलाने असे होत नाही. थोडे का होईना, नेहमी काहीतरी पोटात जात आहे. घरी येताना रिक्षात आम्ही दोघे एकमेकांशी बोललो नाही, कारण दोघांच्या मनात एकच नाव होते. आजीच चोरून देत असणार. तिच्यावर नजर ठेवायला लागलो. मुलगी तिच्याजवळ गेली की काही निमित्त काढून बोलावून घ्यायचो. एकदा तिच्या पिशवीत हात घालून पाहिले. पिशवीत रोजरी, बाम आणि पेपरमिंटच्या गोळ्या होत्या.

मे महिना आला. आपल्याकडे या दिवसांत वर्षाचा बाटली मसाला होतो, हे तुम्हांला सांगायला नको. मिरच्या, धणे, हळद उन्हात वाळवून, भाजून, डंखावर कुटून आणायचे आणि गडद रंगाच्या बाटल्यांत दाबून भरायचे. एवढे एक काम आम्ही आजीकडून काढून घेतले नव्हते, कारण ते आम्हांला येत नाही. ती अंगणात कढई ठेवून बसली होती. बाजूला सुपात तीळ, खसखस, हरभरे, आणि आणखी एका सुपात गहू.

"हा गहू कशाला?"

"मसाल्यात घालायला. भाजून घालतो ना आपण. दाटपणा येतो कालवणाला."

"दर वर्षी घालता?"

"माझी सासू घालायची. मीही घालते."

घरातल्या प्रत्येक कालवणात, प्रत्येक आमटीत, त्या मुलीच्या ताटात, आमच्याच हाताने, रोज दोन वेळा तो मसाला जात होता. आम्ही प्रत्येक पाकीट उलटेसुलटे करून वाचत होतो. हिंगाची डबी फेकली होती. चाळणी बदलली होती. पण बाटलीला लेबल नव्हते.

"तुम्ही आम्हांला सांगितले का नाही?" आम्ही विचारले. या प्रश्नाची आजही लाज वाटते. आजीने कढईतून हात न काढता म्हटले, "तुम्ही मला विचारले कुठे? तुम्ही पुडक्यांवरचे वाचत होता."

सगळ्या घरांच्या मसाल्यात गहू असतो असे नाही, कोणी फक्त हरभरा घालतात, कोणी दोन्ही घालत नाहीत. पण आमच्या घरात ही माहिती असलेली एकच व्यक्ती होती आणि तिलाच आम्ही स्वयंपाकघराबाहेर बसवले होते. तिने एक कुलकुल दिला होता, ती तिची चूक. ती लपवून दिली, तीही चूकच. पण तिच्या एका चुकीवरून आम्ही तिच्या शंभर चुका मनाने रचल्या. आठवी आज्ञा खोटी साक्ष देऊ नकोस असे सांगते. आम्ही न्यायालयात उभे राहून कोणाविरुद्ध साक्ष दिली नव्हती. रिक्षात गप्प बसून दिली होती. पापनिवेदनाला गेलो तेव्हा त्यात सांगायला सर्वांत कठीण गेली ती पिशवी.

आजीची क्षमा मागितली. ती म्हणाली, "असू द्या." नंतर दोन दिवस ती आमच्याशी फारशी बोलली नाही, आणि ते आम्हांला 'असू द्या'पेक्षा खरे वाटले. तिसऱ्या दिवशी तिने जुन्या मसाल्याच्या उरलेल्या बाटल्या बहिणीकडे पाठवून दिल्या आणि स्वयंपाकघरात येऊन तवा घासायला घेतला. वर्षअखेरीस तपासणी केली तेव्हा मुलीचा आकडा नीट खाली आला होता. त्या वर्षी ती चार बोटे उंच झाली.

या सगळ्यात आमच्या हाती लागलेली गोष्ट साधी आहे, तरी आम्ही ती पुन्हा पुन्हा विसरतो. आग्रह करणारा आणि अडवणारा हे दोघे आम्हांला एकमेकांच्या विरुद्ध वाटत होते. पण दोघेही समोरच्याला न विचारता आपलेच खरे मानून चालतात. आजीने मुलीच्या आजाराला विचारले नाही, आम्ही आजीला विचारले नाही. प्रेम असले की माहितीची गरज नाही, असा आजीचा समज होता; माहिती असली की माणसाची गरज नाही, असा आमचा.

आपल्यापैकी ज्यांच्या घरी आम्ही जेवायला आलो आणि आमच्या मुलीचा वेगळा डबा पाहून ज्यांना वाईट वाटले, त्यांना एवढेच सांगायचे आहे की तुमच्या हाताला चव नाही म्हणून तो डबा आणलेला नसतो. तुमचा मसाल्याचा डबा बघायला मागणे आम्हांला संकोचाचे वाटते. एका घरी मात्र यजमानीण स्वतःहून म्हणाली, "काय काय चालत नाही ते मला आधी सांगा, आणि नाही जमले तर मी तसे सांगेन." दुसऱ्या वाक्यासाठी आम्ही तिचे अधिक आभारी आहोत.

आता शेवटचा, आणि देवळातला, प्रश्न. २०२५ साली धाकटीची प्रथम कम्युनियन होती. मिस्साची भाकर गव्हाची असते. आम्हांला वाटले, तांदळाची करून घेता येईल. फादरांनी शांतपणे समजावले की ते शक्य नाही. ख्रिस्तसभेच्या कायद्याच्या ९२४ व्या कलमाप्रमाणे ही भाकर निव्वळ गव्हाचीच हवी. रोमच्या विश्वास-सिद्धांत मंडळाने २४ जुलै २००३ च्या पत्रात स्पष्ट केले आहे की ज्यात ग्लुटेन अजिबात नाही अशी भाकर या संस्कारासाठी ग्राह्य नाही, अत्यल्प ग्लुटेन असलेली चालते. उपासनेसंबंधीच्या मंडळाने १५ जून २०१७ च्या पत्रात हेच पुन्हा सांगितले. अमेरिकेत मिझुरी राज्यातील क्लाइड येथील बेनेडिक्टाइन सिस्टर्सनी अशी अत्यल्प ग्लुटेनची भाकर तयार केली आहे. आणि जिला तीही सोसत नाही तिला फक्त द्राक्षारसाच्या रूपात कम्युनियन घेता येते, कारण प्रत्येक रूपात ख्रिस्त संपूर्ण हजर असतो, ही आपली जुनी शिकवण आहे.

पहिल्यांदा ऐकले तेव्हा आमच्यातल्या एकाला राग आला. येशूने आजाऱ्यांसाठी शब्बाथाचा नियम बाजूला ठेवला, मग इथे एका धान्यासाठी अडून का बसायचे? दुसऱ्याचे म्हणणे वेगळे होते. घरात पवित्र गुरुवारी आम्ही जी भाकर मोडतो ती आमची आहे, ती आम्ही तांदळाची करतो. केरळात संत थोमाचे ख्रिस्ती त्या रात्री घरी तांदळाचीच भाकर मोडतात. वेदीवरची भाकर मात्र आम्ही ठरवत नाही, ती आम्हांला दिली जाते. या दोन मतांचा आमच्या घरात पूर्ण मेळ बसलेला नाही आणि बसल्याचा आव आणायचा नाही. एक गोष्ट मात्र नजरेआड करता येत नाही : नियम वाकला नाही, पण तिला दारही बंद झाले नाही. तिच्यासाठी वेगळा प्याला ठेवावा लागतो, कारण मुख्य प्याल्यात धर्मगुरू भाकरीचा कण घालतात. ते फादरांना आम्ही सांगितले नाही. त्यांनी स्वतः वाचून काढले होते.

तिला मात्र वेगळे पडायचे नव्हते. "सगळे भाकर घेणार आणि मी एकटी प्याला. सगळे माझ्याकडे बघतील." यावर आम्ही तिला बरीच स्पष्टीकरणे दिली, एकही उपयोगी पडले नाही. थोरला म्हणाला, "बघू दे ना. पडवीत मी एकटाच पाव खातो, तू बघतेसच की." ती हसली. त्या दिवशी ती रांगेत सर्वांत शेवटी होती आणि प्याला घेताना तिने डोळे घट्ट मिटून घेतले होते. कोणी बघत होते की नाही, ते तिला कळलेच नाही.

दुपारच्या जेवणाला चाळीस माणसे होती. कालवण आजीने केले होते. त्या वर्षी मे महिन्यात तिने दोन वेगळे मसाले केले नाहीत, सर्वांचाच गव्हाशिवाय केला. थोरला म्हणतो, मसाल्याची चव बदलली आहे. आजी म्हणते, मुळीच बदललेली नाही. पाहुण्यांपैकी कोणाच्या काही लक्षात आले नाही. आम्हां दोघांचे मत मात्र अजून कालवणागणिक बदलते.